एक गोल रस्ता आणि दोन राखीव दिवस

हॉस्टेलवर राहणाऱ्या कुठल्याही प्राण्याला विचारा, एका सेमिस्टरमध्ये निदान तीन ट्रिपा ठरतात आणि त्यातल्या साडेतीन रद्द होतात. (उरलेली अर्धी म्हणजे गेटबाहेरच्या टपरीपर्यंत जाऊन कटिंग पिऊन परत येणं!) गोवा तर आपण इतक्या वेळा ठरवलंय की आता तिथे न जाताही वाटा पाठ झाल्यात. कुणाचं सबमिशन राहतं, कुणाला घरून पैसे येत नाहीत, कुणाची ऐनवेळी केटी लागते. ट्रिप ठरवणं हा आपला इनडोअर गेम आहे आणि त्यात आपण सगळे डिस्टिंक्शनवाले.

तर मित्रहो, सांगायचा मुद्दा असा, की गेले सहा महिने आमच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा चिकटवलेला आहे. येणारा-जाणारा थांबून बघतो. कुणी म्हणतं कासव आहे, कुणी म्हणतं करपलेलं थालीपीठ. तो नकाशा आहे आइसलँडचा. येत्या जूनमध्ये त्या बेटाला गाडीने एक पूर्ण चक्कर मारायची असं आमच्या घरात ठरलंय. माझी ताई डेन्मार्कला नोकरी करते, कोपनहेगनहून तिकडे विमानाने तीनएक तास लागतात, म्हणून हे शक्य तरी आहे. जाणार चौघं : अण्णा, आई, ताई आणि मी. आणि गाडी चालवणार आमचे अण्णा. बत्तीस वर्षं एस.टी.चं स्टिअरिंग हातात धरलेला माणूस. मे महिन्याच्या 31 तारखेला ते रिटायर होताहेत.

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना सहलीला, लग्नाला, परीक्षेला, पंढरपूरला पोचवलं, त्यांना एकदा त्यांच्या मर्जीने, मधे घंटी न वाजता गाडी चालवता यावी, ही ताईची कल्पना. मला त्यात काम मिळालं प्लॅनिंगचं. 'तू इंजिनिअर होतोयस ना, मग कर,' असं ताईने फोनवर सांगितलं आणि ठेवून दिला. वाटलं होतं, दोन रात्रींत उरकेल. पण या प्लॅनिंगने मला डिझाइनच्या चार पेपरांपेक्षा जास्त शिकवलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी माहिती, म्हणजे व्हायव्हात अडणार नाही. आइसलँडचं क्षेत्रफळ साधारण 1 लाख 3 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आत, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहतात. उरलेल्या देशात मग राहतं कोण? मेंढ्या, ज्वालामुखी आणि बर्फ. अटलांटिक महासागराच्या तळाशी दोन भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर दूर सरकतात, ती फट या बेटावर चक्क जमिनीवर दिसते. अशा बेटाच्या कडेकडेने एक गोल रस्ता जातो. नाव रस्ता क्रमांक 1, लांबी सुमारे 1,320 किलोमीटर. सगळे त्याला रिंग रोड म्हणतात.

आमच्या रूमपार्टनरने, म्हणजे पश्याने, हे ऐकल्याबरोबर कॅल्क्युलेटर काढला. "तिथे डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट 90. 1,320 भागिले 90. पंधरा तासांच्या आत! दोन दिवसांत होतंय की रे." मी दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे गणित अण्णांना सांगितलं. अण्णा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "दोन दिवसांत गाडी फिरेल. माणसं कधी फिरतील?" पश्याचं गणित तिथेच फेल.

मग प्रश्न आला, जायचं कधी. आमच्या विंगचं एकमुखी मत पडलं की हिवाळ्यात. कारण नॉर्दर्न लाइट्स! आकाशात हिरवे पडदे हलतात म्हणे. पण ते दिसायला अंधार लागतो, म्हणजे साधारण सप्टेंबर ते एप्रिल. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम चार तासांचा असतो, रस्त्यावर बर्फ आणि वर वादळं. उलट जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि तीन वाजायच्या आत परत उगवतो. मधे नुसता संधिप्रकाश. मी दोन्ही बाजू मांडल्या, अगदी सेमिनारसारख्या. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे जूनमध्ये तिथे रात्रच नाही?" नाही म्हटलं. "मग जूनच." बत्तीस वर्षांतल्या निम्म्याअधिक रात्री समोरच्या गाडीचे अप्पर डोळ्यांवर झेलण्यात गेल्या, त्या माणसाला हिरव्या पडद्यांपेक्षा रात्र नसलेला रस्ता जास्त मोठा वाटला. विंगमध्ये हे सांगितलं तेव्हा नॉर्दर्न लाइट्सवाल्यांनीही पुढे वाद घातला नाही.

दुसरी अडचण सरळ होती : तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. ज्या हातांना बत्तीस वर्षं डावीकडून जायची सवय, त्यांनी वयाच्या 58 व्या वर्षी उलटं शिकायचं. ताईने ऑटोमॅटिक गाडीच बघितली आहे, म्हणजे गिअर शोधत हात दारावर आपटायला नको. पण खरी गोम आहे सर्कलची. आपल्याकडे सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरतात, तिथे उलटं. शिवाय दोन लेनच्या सर्कलमध्ये आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला वाट द्यायची, असा तिथला नियम. अण्णांनी याची प्रॅक्टिस जेवणाच्या टेबलावर केली. मधे आमटीचं पातेलं, भोवती ताटं, आणि काडेपेटी ही आमची गाडी. आई म्हणाली, "आधी जेवा, मग काय ती ट्रॅफिक करा."

या बाबतीत अण्णांना सगळ्यात धीर दिला तो एका तारखेने. 26 मे 1968. त्या दिवसापर्यंत आइसलँडमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवत. त्या दिवशी सकाळी अख्ख्या देशाने बाजू बदलली. हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "त्यात माझ्यासारखे बसवालेही असतीलच ना? त्यांना जमलं, तर मलाही जमेल." त्यानंतर काडेपेटी परत देवघरात गेली.

मी 21 वर्षांचा आहे, लायसन्स तीन वर्षांपूर्वीचं आहे. बहुतेक भाड्याच्या कंपन्यांना वीस वर्षं वय आणि वर्षभर जुनं लायसन्स चालतं. म्हणजे कायद्याने मी तिथे गाडी चालवू शकतो. अण्णांच्या कायद्याने मात्र नाही. त्यांनी माझं पद ठरवून दिलंय : वाहक. म्हणजे शेजारी बसायचं, नकाशा बघायचा, आणि पुढच्या स्टॉपची माहिती वेळेवर द्यायची. सुट्टे पैसे नसले तरी कुरकुर करायची नाही.

वाहकाला अभ्यास फार. तिकडच्या रस्त्यावर 'एइनब्रेइद ब्रू' अशी पाटी दिसली की समजायचं पुढे एकेरी पूल आहे. एका वेळी एकच गाडी. जो पुलाच्या जवळ, तो आधी जाणार, पण वेग कमी करून समोरच्याचा अंदाज घ्यायचाच. 'ब्लिंदहाय्द' म्हणजे रस्त्याचा असा उंचवटा की पलीकडचं दिसत नाही. 'मालबिक एंदार' म्हणजे डांबर संपलं. मुख्य गोल रस्ता 2019 पासून संपूर्ण डांबरी झालाय, पण फाट्याला वळलं की खडी सुरू होते आणि मर्यादा 90 वरून 80 वर येते. गावात 50. दिवे भर उन्हातसुद्धा लावूनच चालवायचं. उन्हाळ्यात मेंढ्या मोकाट असतात आणि कोकरू रस्त्याच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला असेल तर कोकरू हमखास गाडीसमोरून धावतं. (अण्णा : "आपल्याकडे म्हशीचं तसंच.") रस्ता सोडून गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे, कारण लाव्हावरचं शेवाळ एकदा टायरखाली गेलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. नावापुढे 'एफ' असलेले डोंगरातले रस्ते फक्त फोर बाय फोरसाठी, आणि त्यातले बरेच जून संपेपर्यंत उघडतही नाहीत. ते आम्ही पहिल्याच दिवशी यादीतून काढले.

आणि वारा! मेकॅनिकलवाल्यांनो, जरा इकडे लक्ष द्या. तिथल्या रस्त्यांच्या माहितीत वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात. 20 आकडा बघून आपल्याला काहीच वाटत नाही. 3.6 ने गुणा, ताशी 72 किलोमीटर झाले. आता फ्लुइड मेकॅनिक्समधलं अर्धा रो व्ही स्क्वेअर आठवा. 20 च्या वाऱ्यात चौरस मीटरला साधारण 245 न्यूटन. गाडीचं दार एक चौरस मीटरचं धरलं तर दार उघडताक्षणी त्यावर पंचवीस किलोचा धक्का. वारा 30 झाला की तोच धक्का छप्पन्न किलोचा, कारण वेगाचा वर्ग. म्हणून तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. वाऱ्याने दार उलटं वाकलं तर ते बऱ्याच पॉलिसींमध्ये बसत नाही. खडीने काच फुटणं, वाळूच्या वादळात रंग खरवडला जाणं, यांचे इन्शुरन्सही वेगवेगळे. ही सगळी पानं मी ओळन् ओळ वाचली. परीक्षेला एवढं वाचलं असतं तर... असो.

हे झाल्यावर मार्ग. अण्णांनी मुक्कामांना 'हॉटेल' म्हणायला साफ नकार दिला, त्यांच्या डायरीत सगळ्या 'वस्त्या' आहेत. पहिली वस्ती रेक्याविक, त्या दिवशी विमानतळावरून पन्नासेक किलोमीटर सोडून स्टिअरिंगला हात नाही, कारण झोप झालेली नसणार. दुसऱ्या दिवशी थिंगवेत्लिर, जिथे इसवी सन 930 मध्ये या लोकांची लोकसभा उघड्यावर भरायला लागली आणि जिथे ती भूपट्टांची फट दिसते. तिथून जवळच स्ट्रोकूर हा गरम पाण्याचा फवारा, दर सहा ते दहा मिनिटांनी उडणारा, आणि गुल्फॉस धबधबा. ('फॉस' म्हणजे धबधबा. हे एकदा कळलं की निम्मी नावं सोपी होतात.) मग दक्षिण किनारा : सेल्यालांड्सफॉस, ज्याच्या धारेच्या मागून चालत जाता येतं, आणि रुंद पडद्यासारखा स्कोगाफॉस. दोन्ही साधारण साठ मीटर उंच. वीक गावाजवळ रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा आहे, पण तिथे शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक लाट आत येते आणि माणसं ओढून नेते. डायरीत त्यापुढे आईच्या अक्षरात लिहिलंय : 'लांबून बघणे.'

वीकनंतरच्या वस्तीचं गाव आहे किर्क्युबायारक्लौस्तुर. अण्णा म्हणाले, हे गाडीच्या पाटीवर मावायचं नाही. पुढे वात्नायोकुत्ल ही प्रचंड हिमचादर उजाडते. 'योकुत्ल' म्हणजे हिमनदी. हिचं क्षेत्रफळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास आहे, आणि ते सगळं बर्फ! तिच्या कडेला योकुलसारलोन हे तळं. हिमनदीचे तुटलेले निळे-पांढरे तुकडे त्यात तरंगतात, पुलाखालून वाहत समुद्रात जातात आणि काळ्या वाळूवर काचेसारखे पडून राहतात. मग हॉप्न, पूर्वेचे फ्योर्ड, एगिल्सस्तादिर, डेट्टीफॉसचा गढूळ गडगडाट, आणि मीवात्न, म्हणजे शब्दशः चिलटांचं तळं. तिथे जमिनीतून वाफ निघते आणि क्राफ्ला नावाचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, ते मला स्वतःला बघायचंय. उत्तरेत आकुरेरी शहराच्या अलीकडे साडेसात किलोमीटरच्या आसपासचा एक बोगदा लागतो. तो खोदताना एका बाजूने गरम पाणी निघालं आणि दुसऱ्या बाजूने गार पाण्याचा लोंढा! सिव्हिलवाल्यांचे हाल वाचून आम्ही पोट धरून हसलो, मग आपलेही असेच होणार हे आठवून गप्प झालो. आकुरेरीत सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा असतो, हे ऐकून आईने पहिल्यांदा नकाशाजवळ येऊन ते गाव कुठे आहे ते विचारलं.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. नाताळच्या सुट्टीत घरी बसून मी स्केइदरारसांदुर या टप्प्याची माहिती मोठ्याने वाचत होतो. वात्नायोकुत्लच्या पायथ्याशी समुद्रापर्यंत पसरलेलं काळ्या वाळूचं ओसाड मैदान. त्यातून हिमनदीच्या पाण्याचे असंख्य प्रवाह वाहतात, वाट बदलत. त्यांच्यावर पूल बांधणं इतकं कठीण होतं की गोल रस्ता पुरा व्हायला 1974 साल उजाडलं. त्याआधी पूर्वेच्या हॉप्नला जायचं तर राजधानीतून उलट्या दिशेने सगळ्या बेटाला वळसा. आणि 1996 मध्ये तिथे बर्फाखाली ज्वालामुखी फुटला. वितळलेलं पाणी बर्फाखालच्या तळ्यात महिनाभर साठत राहिलं आणि 5 नोव्हेंबरला एकदम सुटलं. याला त्यांच्या भाषेत 'योकुलह्लौप' म्हणतात. शिगेला सेकंदाला चाळीस हजार घनमीटरहून जास्त पाणी. घराएवढे बर्फाचे ठोकळे वाहत आले. एक पूल पूर्ण गेला, सर्वांत लांब पुलाचा काही भाग गेला.

"माणसं किती गेली?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळा होता.

एकही नाही, मी म्हटलं. पाणी साठतंय हे शास्त्रज्ञांना माहीत होतं, ते मोजत होते. रस्ता आधीच बंद केला होता.

अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले.

आम्ही महाडचे. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सावित्रीला पूर होता, मुंबई-गोवा हायवेवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, आणि पुढे पूल नाही हे अंधारात न दिसल्यामुळे दोन एस.टी. गाड्या आतल्या माणसांसह नदीत गेल्या. पुढच्या गाड्या थांबल्या त्या तिथल्या एका साध्या माणसाच्या सावधपणामुळे. मी तेव्हा सातवीत होतो. अण्णांची गाडी त्या रात्री घाटावरच्या एका गावात वस्तीला होती, फोनला रेंज नव्हती. आई पहाटेपर्यंत दारात बसून होती, एवढंच मला आठवतं. अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, अंघोळ केली, आणि काही न बोलता परत ड्युटीवर गेले. दहा वर्षांत त्या रात्रीबद्दल ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्या दिवशी ओट्यावर बोलले. म्हणाले, "ड्रायव्हर पुलावर कशाच्या भरवशावर गाडी घालतो माहितीये? काल पूल होता, या भरवशावर. रात्री पावसात पुढचे वीस फूट दिसतात. बाकीचा रस्ता आहे असं धरूनच चालवायचं असतं. नाही धरलं तर गाडी डेपोतून निघणारच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तिथे रस्ता बंद कोण करतं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी सुट्टी संपवून हॉस्टेलवर आलो. आमच्या हायड्रॉलिक्सच्या सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. सरांनी स्वतःचा चहा मला दिला आणि एक तास बोलले. नंतर मी वाचत गेलो. तिथल्या रस्ते खात्याचं नाव वेगागेर्दिन. प्रत्येक टप्प्याची स्थिती ते नकाशावर दाखवतात. हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे बंद. वादळाच्या वेळी रस्त्यावर फाटक आडवं पडतं आणि पाटी लागते 'लोकाद', म्हणजे बंद. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. आणि एवढं करूनही कुणी अडकलाच तर 112 फिरवल्यावर मदतीला येणाऱ्यांत रेस्क्यू टीमचे स्वयंसेवक असतात. एरवी शिक्षक, सुतार, शेतकरी असलेली माणसं.

सरांनी सांगितलेली 2010 ची गोष्ट तर मला तोंडपाठ झालीय. एयाफ्यात्लायोकुत्ल नावाचा तो ज्वालामुखी (हो, ज्याच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली तोच) बर्फाखाली फुटला तेव्हा मार्कारफ्ल्योत नदीला पूर येणार हे दिसत होतं. नदीवर गोल रस्त्याचा मोठा पूल. शेकडो लोकांना आधीच घराबाहेर हलवलं आणि रस्ते खात्याने यंत्रं लावून स्वतःच्याच रस्त्याला खिंडारं पाडली. पाण्याला बाजूने वाट मिळाली, रस्ता वाहून गेला, पूल वाचला. भराव चार दिवसांत परत घालता येतो, पूल बांधायला वर्ष लागतं. दुसऱ्याच वर्षी, जुलै 2011 मध्ये, मूलाक्विस्ल नदीने एक पूल खरंच नेला. त्यांनी आठवडाभरात तात्पुरता पूल उभा केला. सर म्हणाले, "पोरांनो, आपण चार वर्षं फेल न होणारी वस्तू डिझाइन करायला शिकतो. ती फेल होणार असेल तेव्हा तिच्यावर माणूस नसेल, हेही डिझाइनच." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय. एवढ्यासाठी कॅन्टीनचे दोन समोसे सरांना देणं लागतो.

आपल्याकडेही सावित्रीवर 2017 च्या जूनमध्ये नवा पूल झाला, मी त्यावरूनच हॉस्टेलला येतो-जातो. आणि स्केइदरारचा तो सर्वांत लांब पूल? हिमनदी मागे हटली, नदीने वाट बदलली, त्याच्याखाली पूर्वीसारखं पाणीच राहिलं नाही. 2017 पासून वाहतूक नव्या छोट्या पुलावरून जाते. 1996 च्या पुरात पिळवटलेले दोन गर्डर मात्र रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवलेत. अण्णांच्या डायरीत त्या जागेपुढे वेळ लिहिलेली नाही. 'थांबणे' एवढंच आहे.

फोनवर हे सगळं सांगितल्यावर अण्णांनी प्लॅनमध्ये दोन बदल करायला लावले. पहिला : प्रत्येक दिवसाच्या तक्त्यात एक नवा रकाना, 'बंद असल्यास'. वीकला रस्ता बंद झाला तर कुठे राहायचं, पूर्वेला वारा असेल तर कुठून परत फिरायचं, कुठलं बुकिंग रद्द करता येतं आणि कुठलं नाही. दुसरा : बारा दिवसांत दोन दिवस रिकामे. त्यावर काहीही लिहायचं नाही.

यावरून ताईचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. ताईची रजा मोजकी. तिला हुसाविकला देवमासे बघायचे होते आणि ते नेमके त्या दोन दिवसांत बसत होते. "अण्णा, जूनमध्ये काही नाही होत. दोन दिवस फुकट घालवायला एवढ्या लांब जायचं का?" अण्णा शांतपणे म्हणाले, "अगं, डेपोत एक राखीव गाडी रोज उभी असते. रोज लागत नाही. म्हणून ती फुकट नसते." ताई दोन दिवस फोनवर माझ्याशीच बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला मेसेज केला : 'राखीव दिवस राहू देत. मात्र रस्ता मोकळा असेल तर देवमासे.' अण्णांनी मंजुरी दिली. आमच्या घरातला हा पहिला करार, ज्यात दोन्ही बाजू जिंकल्या.

आता व्यवहाराचं. आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण 2001 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. फी 90 युरो, शिवाय निदान 30,000 युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अण्णांचा आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना आर.टी.ओ.तून काढायचाय. तिथले बरेच पेट्रोल पंप बिनमाणसाचे असतात आणि कार्डाला पिन लागतो, म्हणून तशी कार्डं. राहण्याचा आणि गाडीचा खर्च ताईचा. माझं तिकीट मी इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून काढणार. पेट्रोल अण्णांचं, त्यांनी तसं बजावलंय. आडवाटा धरून 1,800 किलोमीटर, लिटरला पंधरा धरले तर 120 लिटर. त्यांनी ते दहा लिटरला किती किलोमीटर या हिशेबात मांडून परत तपासलं, तेव्हा मान हलवली. बाहेरचं जेवण तिथे भलतंच महाग, म्हणून आईने भाजणी, मेतकूट, कुळथाचं पिठलं अशी जय्यत तयारी सुरू केलीय. नळाचं गार पाणी थेट पिता येतं, पण गरम पाण्याला बऱ्याच ठिकाणी गंधकाचा, म्हणजे अंड्यासारखा वास येतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगितलं तर ती रद्द करायची ट्रिप!

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमची व्हिसाची तारीख चार दिवसांवर आली असेल. तो मिळेल, न मिळेल. वारा असेल, नसेल. अण्णा रोज संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर मला एकच प्रश्न विचारतात, "आज तिकडचा रस्ता काय म्हणतोय?" मी नकाशा उघडून सांगतो : दक्षिण हिरवा, पूर्वेला दोन टप्पे लाल. ते डायरीत तारीख घालून लिहून ठेवतात. हिवाळ्यातल्या या नोंदींचा जूनमध्ये उपयोग काय, असं पश्याने विचारलं. मी त्याला म्हटलं, बत्तीस वर्षं रस्त्यावर असलेला माणूस नवीन रूटची ओळख करून घेतोय, घेऊ दे.

आमच्या तक्त्याची एक प्रत खोलीच्या दारावर लावलीय. कुणाला कुठल्याही ट्रिपसाठी उपयोगी पडली तर खुशाल उतरवून घ्या. तारखा, गावं, किलोमीटर तुमचे घाला. फक्त शेवटचा रकाना खोडू नका.

– बी.ई. (मेकॅनिकल)